प्लेटोच्या पोथीमागे चार दिवस

1462 साली फ्लॉरेन्सची सूत्रं हाती असलेल्या धनाढ्य सावकाराने, कोसिमो दे मेदिचीने, एका वैद्याच्या मुलाच्या हाती प्लेटोची ग्रीक पोथी सोपवली आणि सांगितलं, हे सगळं लॅटिनमध्ये आण. मुलगा तिशीच्या आतला होता, नाव मार्सिलियो फिचिनो. तोवर लॅटिन वाचणाऱ्या युरोपकडे प्लेटोचं काय होतं? मध्ययुगभर ‘टिमेयस’चा अर्धामुर्धा भाग, 12 व्या शतकात सिसिलीत झालेली ‘मेनो’ आणि ‘फीडो’ची भाषांतरं, आणि 15 व्या शतकात लिओनार्दो ब्रूनीने केलेले काही संवाद. 1462 नंतर 22 वर्षांनी, 1484 मध्ये, प्लेटोच्या नावावरचे सगळे 36 ग्रंथ एका छापील पुस्तकात आले. अथेन्समधला तत्त्वज्ञ आणि तुस्कनीतला मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यासक, यांच्यात अठरा शतकांचं अंतर आहे. ते कापलं गेलं ते कागद, घर, पैसा आणि छापखाना यांच्या जोरावर, आणि या चारही गोष्टींच्या खुणा आजही पायी फिरून पाहता येतात.

दिवस निवडायचे ते 4 ते 7 नोव्हेंबर. 7 नोव्हेंबर हा फिचिनोच्या मंडळींनी मानलेला प्लेटोचा जन्मदिवस आणि मृत्युदिवसही. त्या दिवशी करेज्जीला, म्हणजे मेदिचींच्या व्हिलाच्या टेकडीवर, असायचं, बाकीचं त्यामागे लावून घ्यायचं. नोव्हेंबर हा इथला पावसाळी महिना, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं; अरुंद पदपथांवर छत्र्या एकमेकींत अडकतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून उघड्यावरचं सगळं दुपारी चारच्या आत उरकायचं. मुंबईहून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. रोमला उतरून जलद रेल्वेने दीड तासात येणं सोपं पडतं. शेंगेन व्हिसासाठीच्या प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोंचं लागतं. त्याहून कमी रकमेची पॉलिसी जोडली की अर्ज अडकतो.

पहिला दिवस, 4 नोव्हेंबर: कॅथेड्रल आणि सान्ता मारिया नोवेल्ला

सुरुवात कॅथेड्रलपासून. आत जायला तिकीट नाही, म्हणूनच रांग मोठी असते. दार उघडण्याआधी अर्धा तास उभं राहिलं तर लवकर आत जाता येतं, अकरानंतर गेलं तर रांग इमारतीला वळसा घालते. घुमटावर चढायचं तिकीट वेगळं, वेळ ठरवून घ्यावं लागणारं, आणि ते नसलं तरी आपलं काही अडत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, ती मुक्कामावरच ठेवावी. रविवारी प्रार्थना असतात, पर्यटकांना प्रवेश नसतो. तुमच्या वर्षी 4 तारखेला रविवार आला तर हा दिवस दुसऱ्याशी बदला.

आत शिरल्यावर उजवी भिंत धरून चालायचं. ब्रुनेलेस्की आणि जोत्तोचे अर्धपुतळे याच भिंतीवर आहेत. बहुतेक लोक ते पाहून घुमटाखाली निघून जातात आणि फिचिनो राहून जातो. त्याचा संगमरवरी अर्धपुतळा आंद्रेआ फेर्रुच्चीने केला, लेखावर साल आहे 1521, म्हणजे फिचिनो गेल्यावर 22 वर्षांनी. त्याच्यासमोर दहा मिनिटं काढावीत आणि आधी हात पाहावेत. दोन्ही हातांत जाडजूड ग्रंथ आहे, पण वाचणाऱ्याच्या हातात असतो तसा नाही. लायर हे तंतुवाद्य अंगाशी घेऊन वाजवतात तसा तो धरलेला आहे. शिल्पकाराने हे उगाच केलेलं नाही. फिचिनो खरोखर लायर वाजवत असे, ऑर्फियस या ग्रीक पुराणातल्या गायकाच्या नावावरची स्तोत्रं तिच्या साथीने गात असे. ग्रंथ प्लेटोचा आहे आणि तो वाजवायचा आहे, एवढं सगळं त्या दोन हातांत आलेलं आहे. खालच्या लॅटिन लेखात वाटसरूला हाक मारून सांगितलंय की हा ज्ञानाचा पिता मार्सिलियो. काळाच्या दोषाने धुळीखाली गेलेलं प्लेटोचं मत यानेच उजेडात आणलं. कोसिमो आणि त्याचा नातू लोरेन्झो यांच्या देणगीवर तो सुखाने जगला, हेही तिथेच कोरलंय. आश्रयदात्याचा पैसा लपवायची त्या शहराला गरज वाटली नाही, हे मोठं मोकळेपण आहे. 1487 पासून फिचिनो याच कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे धर्ममंडळाचा सदस्य होता, आणि त्याचं दफनही इथेच झालं.

मग घुमटाखाली या. 6 जुलै 1439 रोजी इथे पूर्व आणि पश्चिम चर्चच्या एकीकरणाचा ठराव लॅटिन आणि ग्रीक, दोन्ही भाषांत वाचला गेला. घुमट तेव्हा नुकताच, 1436 मध्ये, पुरा झाला होता. एकी टिकली नाही, पण ती घडवायला भरलेल्या परिषदेसाठी बायझंटाइन सम्राटाबरोबर आलेल्या ग्रीक पंडितांत ग्रीसमधल्या मिस्त्रा शहराचा वृद्ध तत्त्वज्ञ गेमिस्तोस प्लेथॉन होता. प्लेटो आणि अॅरिस्टॉटल यांच्यातल्या फरकांवर तो फ्लॉरेन्सकरांशी बोलला, त्यावर त्याने पुस्तिकाही लिहिली. पुढे फिचिनो सांगतो की प्लेथॉनला ऐकूनच कोसिमोच्या मनात अकादमीचं, म्हणजे प्लेटोच्या अथेन्समधल्या शाळेसारख्या मंडळाचं, बीज पडलं. हे सांगणं आहे प्लोटिनस या प्लेटोपंथी तत्त्वज्ञाच्या भाषांतराच्या प्रस्तावनेतलं, छापलंय 1492 मध्ये, परिषदेनंतर 53 वर्षांनी. 1439 मध्ये फिचिनो जेमतेम पाच वर्षांचा होता. तेव्हा ही हकिगत प्रेमाने ऐकावी, पण पुरावा म्हणून धरू नये.

दुपारी सान्ता मारिया नोवेल्ला. तिकीट लागतं, शुक्रवारी आणि रविवारी उशिरा उघडतं. परिषदेच्या काळात पोपचा मुक्काम याच मठात होता. परिषद चालू असतानाच 10 जून 1439 रोजी कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू जोसेफ दुसरा इथे वारला. त्याची कबर उजव्या आडव्या दालनात आहे, वर त्याचं ग्रीक पेहरावातलं चित्र. इतक्या लांबून आलेल्या ग्रीक मंडळींची ही खूण भिंतीवर उरली आहे, ती चुकवू नये.

मुख्य वेदीच्या मागे तोर्नाबुओनी चॅपल. डोमेनिको गिर्लान्दायोने 1485 ते 1490 मध्ये ते रंगवलं. उजव्या भिंतीवर सगळ्यात खालच्या पट्टीत, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बापाला, झखारियाला, देवदूत दिसतो ते चित्र शोधा. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चार पुरुष कंबरेपर्यंतच दिसतात. डावीकडचा पहिला कॅननच्या झग्यातला, तो फिचिनो. लाल अंगरखा आणि गळ्याशी काळी पट्टी असलेला क्रिस्तोफोरो लान्दिनो, हात किंचित उचललेला पोलित्सियानो, दोघेही त्याच्या काळातले विद्वान. चौथा कोण यावर मतभेद आहेत. कोणी त्याला ग्रीक अध्यापक देमेत्रिओस खाल्कोकोन्दिलिस म्हणतं, कोणी बिशप जेंतिले दे बेक्की. चित्रातल्या कमानीवर 1490 हे साल आणि शहर संपत्ती, आरोग्य आणि शांतता भोगत होतं असा मजकूर आहे. दोनच वर्षांत लोरेन्झो गेला आणि चारच वर्षांत मेदिचींना शहर सोडावं लागलं, हे ठाऊक असलं की त्या अक्षरांकडे नुसतं पाहवत नाही. चॅपल अंधारं आहे. ऊन असेल तेव्हा दुपारी लवकर जावं. ढग असतील तर डोळे सरावायला पाच मिनिटं द्यावी लागतात.

संध्याकाळी परतताना इमारतींच्या भिंतींवर डोक्याच्याही वर लावलेल्या छोट्या पाट्या दिसल्या तर थांबा. 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुरात आर्नोचं पाणी कुठवर चढलं, ते त्या दाखवतात. या शहरात पुस्तकांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, ते त्यावरून कळतं.

दुसरा दिवस, 5 नोव्हेंबर: फिलीने

फिचिनोचा जन्म 19 ऑक्टोबर 1433 चा, फिलीने वाल्दार्नो गावातला. सान्ता मारिया नोवेल्ला स्टेशनवरून अरेत्सोच्या दिशेची प्रादेशिक गाडी घ्यायची. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यावं लागतं, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करावं लागतं. भारतातून येणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: तिकीट खिशात असतं, तरी तपासनीस दंड लावतो. प्रवास साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा, स्टेशनवरून चौकात चालत दहा मिनिटं.

चौकाचं नावच पियात्सा मार्सिलियो फिचिनो. लांबट, कमानींचा, एका टोकाला कोलेजियाता चर्च. चर्चमध्ये 14 व्या शतकातल्या अनामिक चित्रकाराने काढलेलं मरियमचं मोठं चित्र आहे. त्या चित्रकाराला आज ‘फिलीनेचा उस्ताद’ याच नावाने ओळखतात. फिचिनोचं म्हणून खात्रीने दाखवावं असं काही गावात नाही, आणि ते शोधत बसू नये. इथे यायचं ते बापासाठी. दिएतिफेची हा वैद्य, मेदिचींच्या आश्रयातला. मुलाचं शिक्षणही आधी वैद्यकाच्या वाटेने गेलं आणि तो वैद्यपणा शेवटपर्यंत सुटला नाही.

1489 मध्ये त्याने विद्वानांच्या तब्येतीवर ‘दे वीता’ हे तीन भागांचं पुस्तक छापलं. त्यात सकाळी उठल्यावर काय करायचं हेसुद्धा आहे: हस्तिदंती फणीने कपाळापासून मानेकडे साधारण चाळीस वेळा केस विंचरावेत, मग खरखरीत कापडाने मान चोळावी. रात्री जागून अभ्यास करू नये, कारण त्याने काळं पित्त वाढतं आणि वाचणारा माणूस उदास होतो. आजीच्या बटव्यातला वाटावा असा हा सल्ला. पण तिसऱ्या भागात ग्रह आणि ताईत आले, त्यावरून जादूटोण्याचा आरोप झाला आणि रोममध्ये त्याला बचाव करावा लागला. प्लेटो वाचणारा, धर्मदीक्षा घेतलेला (1473 मध्ये) आणि नाडी जाणणारा असा हा एकच माणूस आहे. नुसता ‘भाषांतरकार’ म्हटलं तर यातला निम्मा हातातून निसटतो.

ग्रीकची गोष्टही इथेच सांगायला हवी. 1456 मध्ये त्याने प्लेटोच्या मतांवर पुस्तक लिहिलं ते लॅटिन साधनांवरूनच. लान्दिनो आणि कोसिमोने सांगितलं, आधी ग्रीक शिक, मग बाहेर काढ. त्याने पुस्तक बाजूला ठेवलं आणि भाषा शिकला. पुढच्या सहा वर्षांत तो पोथी सोपवण्याइतका तयार झाला.

जेवायला त्या खोऱ्यातला ‘झोल्फिनो’ घेवडा मागावा. पिवळसर, साल अगदी पातळ, ऑलिव्ह तेल घालून देतात. दुपारी दोनची गाडी धरली की चारपर्यंत शहरात.

तिसरा दिवस, 6 नोव्हेंबर: मेदिचींचा वाडा, सान लोरेन्झो, ग्रंथालय

वाडा, म्हणजे पालात्सो मेदिची रिकार्दी, बुधवारी बंद असतो. सकाळी उघडताच जावं. मागींचं, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांचं, चॅपल इतकं लहान आहे की थोड्याच लोकांना एका वेळी सोडतात आणि काही मिनिटांत बाहेर काढतात. बेनोत्सो गोत्सोलीने 1459 मध्ये तीन राजांची मिरवणूक रंगवली. त्यातला एक राजा म्हणजे परिषदेला आलेला बायझंटाइन सम्राट असं परंपरेने मानतात. गर्दीतल्या दाढीवाल्या चेहऱ्यांना प्लेथॉनचं नावही लोक देतात, पण त्याला आधार नाही. नावानिशी पक्का ओळखता येतो तो चेहरा स्वतः गोत्सोलीचा. टोपीवर त्याने नाव लिहून ठेवलंय. वेळ थोडा, त्यामुळे आधी उजवी-डावी भिंत ठरवून जावं, फोटोत वेळ घालवू नये.

तिथून सान लोरेन्झो चर्च पाच मिनिटांवर. वेदीसमोरच्या फरशीत शिल्पकार वेर्रोक्कियोने रंगीत दगडांचं वर्तुळ बसवलंय, तिथे कोसिमोला ‘पितृभूमीचा पिता’ म्हटलंय. प्रत्यक्ष दफन त्याच्या खाली, चर्चला आधार देणाऱ्या खांबात. तळघरात उतरून तो खांब पाहावा. जवळच शिल्पकार दोनातेल्लोलाही पुरलंय. कोसिमो 1 ऑगस्ट 1464 ला गेला. तोवर फिचिनोचे दहा संवाद झाले होते. मरणाआधी बारा दिवस कोसिमोला ‘पार्मेनिडीझ’ आणि ‘फिलेबस’ वाचून दाखवले, एक विश्वाच्या मूळ तत्त्वावरचा, दुसरा सर्वोच्च सुखावरचा, असं फिचिनोने लिहून ठेवलंय. भाषांतर पुरं होण्याची वाट पाहायला त्या म्हाताऱ्याकडे वेळ नव्हता, जे तयार होतं ते त्याने ऐकून घेतलं.

लाउरेन्त्सियाना ग्रंथालय चर्चच्या अंगणातून वर आहे, तिकीट चर्चपासून वेगळं असतं आणि वाचनालय बहुधा सकाळीच उघडं असतं. आदल्या दिवशी वेळ पाहून घ्यावी, नाहीतर मायकेलअँजेलोच्या जिन्यापाशी येऊन परत जावं लागतं. आत लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. बाकाला पाठ आणि पाठीलाच उतरतं मेज. पोथ्या आडव्या ठेवलेल्या आणि साखळीने बांधलेल्या असत. प्रत्येक बाकाच्या कडेला लाकडी पाटी आहे, तिच्यावर त्या बाकावरच्या ग्रंथांची यादी. या बाकाला लॅटिनमध्ये ‘प्लुतेउस’ म्हणतात. म्हणूनच इथल्या पोथ्यांचा क्रमांक आजही ‘प्लुत. 85.9’ असा, म्हणजे 85 व्या बाकावरची नववी पोथी. आणि हा मी उगाच निवडलेला क्रमांक नाही: कोसिमोने फिचिनोला दिलेली प्लेटोची ग्रीक पोथी ती हीच.

इथे बहुतेकांची निराशा होते, कारण पोथी बाकावर नसते आणि प्रदर्शनात असेलच असंही नाही. मूळ पोथी हाताळायला संशोधकाची ओळख आणि कारण लागतं. त्यावर उपाय सोपा आहे. ग्रंथालयाने पोथ्या स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. क्रमांक शोधून, पानं फोनवर उघडून, त्या दालनाच्या बाहेरच्या अंगणात बसून बघावीत. दालनही फिचिनोने पाहिलेलं नाही, हे ध्यानात असू द्या. मेदिचींचा संग्रह 1494 मध्ये जप्त झाला, मग सान मार्को मठात गेला, 1508 मध्ये घराण्याने परत घेऊन रोमला नेला, 1523 नंतर परत आणला, आणि ग्रंथालय लोकांना उघडलं ते 1571 मध्ये.

वेळ उरला तर पालात्सो वेक्कियो या शहराच्या जुन्या सरकारवाड्यात वेर्रोक्कियोचा डॉल्फिन धरलेला पंखवाला बाळ पाहा. ते कांस्यशिल्प करेज्जीच्या कारंज्यासाठी केलेलं. वाड्याच्या आतल्या चौकातलं आहे ते प्रतिरूप, मूळ वरच्या मजल्यावर. गुरुवारी हा वाडा दुपारी दोनलाच बंद होतो.

चौथा दिवस, 7 नोव्हेंबर: व्हिया देल्ला स्काला आणि करेज्जी

सकाळी व्हिया देल्ला स्काला रस्त्याने पोर्ता अल प्रातो या जुन्या वेशीच्या दिशेने चालत जायचं. या रस्त्यावर सान जाकोपो दी रिपोलीचा मठ होता, डोमिनिकन नन्सचा. 1476 मध्ये तिथे छापखाना सुरू झाला, नन्स खिळे जुळवत. 1484 मध्ये याच छापखान्याने प्लेटो छापायला घेतला. प्रती 1,025, खर्च फिलिप्पो वालोरी आणि फ्रान्चेस्को बेर्लिंगिएरी यांचा. त्या काळात ही संख्या प्रचंड होती आणि तरीही पुढच्या काही वर्षांत प्रती संपल्या. 1491 मध्ये व्हेनिसला दुसरी आवृत्ती निघाली. ग्रीक मूळ छापलं गेलं ते आणखी उशिरा, 1513 मध्ये, आल्दुस मानुतियुसच्या व्हेनिसच्या छापखान्यात. म्हणजे तीसेक वर्षं छापील प्लेटो म्हटलं की फिचिनोचाच. इमारत बाहेरूनच पाहायची, आत काही पाहण्यासारखं उरलेलं नाही.

मग ट्राम. टी 1, पण पाटीवर ‘करेज्जी ओस्पेदाले’ हवं. ‘व्हिल्ला कोस्तान्त्सा’ची पकडली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचाल. कागदी तिकीट चढताच यंत्रात छापा. शेवटच्या थांब्यावर उतरलं की भोवती सगळी मोठ्या रुग्णालयाची आवारं, रुग्णवाहिका, औषधांची दुकानं. जागा चुकली असं वाटतं, पण चुकलेली नसते. व्हियाले पिएराच्चीनी चढत दहा-पंधरा मिनिटं चाललं की उजवी-डावीकडची झाडी दाट होते आणि मेदिचींचा व्हिला येतो. घराण्याने तो 1417 मध्ये घेतला, मग वास्तुकार मिकेलोत्सोने सुधारला. वरच्या मजल्याची भिंत कंसांवर पुढे आलेली, किल्ल्यासारखी. बागेकडच्या बाजूला मोकळ्या कमानी. 2013 पासून हा व्हिला युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दुरुस्तीच्या कामामुळे तो वर्षानुवर्षं बंद राहिलेला आहे. आत प्रवेश आहे का, हे निघण्याआधी चौकशी करूनच यावं. नसेल तर फाटक आणि भिंत एवढंच हाती लागतं, ते धरून चालावं. फिचिनोचं घर हे नव्हे. 1463 मध्ये कोसिमोने त्याला दिलेलं छोटं घर आणि शेत याच टेकडीवर, जवळ होतं.

‘प्लेटोची अकादमी इथे भरत असे’ असं अनेक पुस्तकांत सरसकट लिहिलेलं असतं. इतिहासकार जेम्स हँकिन्सने दाखवून दिलंय की सभासद, वर्ग, नियम असलेली संस्था म्हणावी असा पुरावा नाही. जमणारी माणसं होती, पत्रं होती, जेवणं होती. 7 नोव्हेंबरचं जेवण तर फिचिनोने प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या प्रेमावरच्या संवादाच्या भाष्यात रंगवलंय. भाष्य 1469 चं, यजमान फ्रान्चेस्को बान्दिनी, पाहुणे नऊ, नऊ कलादेवींइतके. जेवण झाल्यावर प्लेटोचा संवाद वाचतात आणि त्यातल्या सात भाषणांवर पाहुणे बोलतात. पाहुण्यांत फिचिनोचा वैद्य बापही आहे. जेवण जसंच्या तसं झालं की कागदावर मांडलं, यावर वाद घालता येईल. पण ‘प्लेटॉनिक प्रेम’ ही जी कल्पना आज सगळ्यांच्या तोंडी आहे, ती या भाष्यातून पसरली.

फाटकापाशी ‘सिम्पोझियम’ वाचायला घेऊ नका, ते लांबतं आणि अंधार पडतो. त्यापेक्षा कोसिमोचं एक छोटं पत्र वाचा, ते इथूनच लिहिलेलं आहे. मी काल करेज्जीला आलो, असं तो फिचिनोला कळवतो. शेतीची मशागत करायला नव्हे, मनाची करायला. लवकर ये. सर्वोच्च सुखावरचं आपल्या प्लेटोचं पुस्तक तू कबूल केल्याप्रमाणे लॅटिनमध्ये आणलं असशील, ते घेऊन ये. आणि येताना ऑर्फियसची ती लायरही आण.